अहो म्हणायची सोय राहिली नाही

“बाबा, दोरी बांधायची नाही. नुसती धरायची,” वेदांतने चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा प्रल्हादरावांनी हातातला चहाचा कप टेबलावर जरा जोरातच ठेवला. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पाणी वरून खाली कसं येतं हे अमेरिकेतल्या रेडमंडच्या स्वयंपाकघरात, फ्रिजला चिकटवलेल्या चित्रावरून, पोटच्या पोराने समजावून द्यावं! चित्रात दोन भिंती होत्या, मधे होडी होती आणि खाली जाणारा एक निळा बाण होता.

“डाव्या कालव्याचे सत्तर दरवाजे माझ्या हाताखाली होते,” प्रल्हादराव म्हणाले. “कुठला दरवाजा किती इंच उचलला की कालव्याच्या शेवटाला, टेलला, किती पाणी पोचतं, हे विचारायला प्रांत स्वतः यायचे.”

“हो बाबा. पण तेव्हा तुम्ही काठावर असायचात. उद्या आपण पाण्यात असणार.”

उत्तर बरोबर होतं. त्यामुळेच ते प्रल्हादरावांना फार उद्धट वाटलं.

भानगड अशी होती. वेदांतच्या ऑफिसातल्या कुमारने गेल्या वर्षी एक चोवीस फुटी मोटरबोट सेकंडहँड घेतली आणि तिला बायकोचं नाव दिलं, ‘रेणू’. बोटीच्या तळाला शेवाळ धरलं होतं. ते खरवडून रंग द्यायचा तर बोट क्रेनने पाण्याबाहेर काढावी लागते, आणि ती क्रेन होती समुद्राच्या बाजूच्या एका मरीनात, म्हणजे होड्यांच्या तळावर. सोमवार सकाळची वेळ मिळाली, आणि नेमकं त्याच आठवड्यात कुमारला चुलतबहिणीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. “यार, तू फक्त रविवारी तिकडे नेऊन लाव,” असं म्हणून तो वेदांतला किल्ली देऊन गेला.

आता बोट होती किर्कलंडला, तळ्यात. तळं समुद्रापेक्षा दीड-दोन मजले उंच. मधे लॉक. म्हणजे होडी एका लांबलचक हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदातलं पाणी समुद्राच्या पातळीला उतरवायचं आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. पाणी उतरत असताना होडीच्या पुढून एक आणि मागून एक अशा दोन दोऱ्या वर काठावरच्या खुंटांना अडकवलेल्या असतात. त्यांची खालची टोकं दोघांनी धरायची आणि पाण्याबरोबर सैल सोडत जायची. वेदांत बोट चालवणार होता. मागची दोरी त्याची बायको अस्मिता धरणार होती, पुढची त्याची आई शरयूताई. आणि प्रल्हादरावांनी मस्त बसायचं होतं.

“हिला दोरी आणि मला गादी!” प्रल्हादराव म्हणाले.

“तुम्ही राहू द्या ना बाबा,” वेदांत म्हणाला.

हे ‘राहू द्या’ गेले तीन महिने त्यांच्या मागे लागलं होतं. डिशवॉशर लावायला गेले, बाबा, राहू द्या. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला निघाले, राहू द्या, तो निळा आहे, उद्या हिरव्याची पाळी. घरात थंडी वाजते म्हणून भिंतीवरच्या यंत्राचं एक बटण दाबलं, तर घरभर पंखे सुरू झाले आणि अस्मिता ऑफिसची मीटिंग सोडून धावत आली. अत्यंत प्रेमाने ती म्हणाली, “बाबा, राहू द्या.” एके काळी ज्यांच्या सहीशिवाय तीन तालुक्यांत पाणी सुटत नव्हतं त्या माणसाला या घरात नळसुद्धा आपल्या हाताने बंद करता येत नव्हता. तो हात पुढे केला की आपोआप सुरू व्हायचा आणि मागे घेतला की बंद.

शनिवारी दुपारी अस्मिताच्या ऑफिसात कुठलंसं सॉफ्टवेअर कोसळलं. रविवारी तिला लॅपटॉपसमोरून हलता येणार नव्हतं. मागच्या दोरीची जागा रिकामी झाली. वेदांतने दोन मित्रांना फोन केले. एक पोर्टलंडला गेला होता, दुसऱ्याची पाठ धरली होती.

“बाबा,” वेदांत शेवटी म्हणाला, “तुम्ही धराल?”

प्रल्हादरावांनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी आधी, या राज्यात बोट चालवायला परीक्षा देऊन कार्ड काढावं लागतं पण १९५५च्या आधी जन्मलेल्यांना ती माफ आहे, ही माहिती सांगितली. ती त्यांनी सकाळीच वाचून काढली होती. आपला जन्म १९५३चा आहे आणि अनुभवाची किंमत निदान इथल्या सरकारला तरी कळते, हेही सांगितलं. मग म्हणाले, “धरीन.” आतून मात्र त्यांना इतका आनंद झाला होता की त्या दुपारी ते झोपलेच नाहीत. तीन महिन्यांत पहिल्यांदा या घराचं काहीतरी त्यांच्यावाचून अडलं होतं. हे नीट पार पाडायचं, म्हणजे ‘राहू द्या’ कायमचं बंद होईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रविवारी सकाळी ‘रेणू’ निघाली. ऊन छान पडलं होतं. वेदांत मधल्या केबिनमध्ये सुकाणूवर, शरयूताई केबिनच्या पुढे, प्रल्हादराव मागे. केबिन मधे असल्यामुळे नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. दोघांच्याही अंगात नारिंगी, फुगीर जॅकेटं होती. प्रल्हादरावांनी ते हाफ स्वेटरवरून घातलं होतं आणि आपण गॅस सिलिंडरसारखे दिसतो आहोत, ही तक्रार त्यांनी दोनदा नोंदवली होती.

लॉकच्या अलीकडे लाल दिवा होता आणि दहा-बारा होड्या पाण्यात ताटकळत होत्या. शेजारी सांडवा होता. प्रल्हादरावांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि तो बरा बांधला आहे असं प्रमाणपत्र दिलं. अर्धा तास गेला. तेवढ्यात मागून एक टगबोट खडीने भरलेला तराफा ओढत आली आणि सगळ्यांना ओलांडून सरळ पुढे गेली. तिच्यासाठी दिवा हिरवा झाला!

“अरे, हा मागून आला! याला आधी कसं सोडलं?”

“बाबा, कमर्शियल बोटींना प्रायॉरिटी असते. रूल आहे.”

“वशिला म्हण वशिला! आमच्याकडे असाच एक साखर कारखाना होता. त्याची चारी आधी भरायची.” प्रल्हादराव उभे राहिले आणि खडीकडे बोट करून इंग्रजीत ओरडले, “क्यू! देअर इज अ क्यू!” टगवाल्याने हात हलवून भोंगा वाजवला.

हा आरडाओरडा ऐकून पुढून शरयूताईंनी हाक मारली, “अहो! उभे राहू नका, तोल जाईल!”

शेजारच्या शिडाच्या होडीवर पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ कॉफी पीत बसला होता. त्याने हातातला कप उंचावला आणि खड्या आवाजात उत्तर दिलं, “अहॉय!”

शरयूताईंनी दचकून त्याला नमस्कार केला. त्यानेही कॉफी सांभाळत नमस्कार केला.

“याला काय झालं?” प्रल्हादरावांनी विचारलं.

वेदांत हसत सुटला. “बाबा, इथे होडीवाले एकमेकांना अहॉय म्हणतात. हॅलोसारखं. त्याला वाटलं आई त्याला हॅलो करतेय.”

“काय बाई गंमत,” शरयूताई म्हणाल्या. “अहो, ऐकलंत का?”

“अहॉय!” या वेळी तीन होड्यांतून उत्तर आलं. त्यातली एक कुत्रा घेऊन बसलेली आजीबाई होती. कुत्राही भुंकला.

प्रल्हादरावांना यात काहीही गंमत वाटली नाही. गेली पंचेचाळीस वर्षं ‘अहो’ ही हाक आली की ओ देणारा माणूस एकच होता. पेठेत, मंडईत, लग्नाच्या पंगतीत, शंभर बायका ‘अहो’ म्हणत असल्या तरी आपली ‘अहो’ कुठली हे त्यांना पाठमोरं कळायचं. आणि इथे कुणीही दाढीवाला उठतो आणि त्यांच्या बायकोला ओ देतो! “यापुढे हाक मारू नकोस,” ते केबिनच्या टपावरून पुढे ओरडून म्हणाले. “आणि मारलीस तर मी ओ देणार नाही. लोक समर्थ आहेत.”

दिवा हिरवा झाला. एकेक होडी हौदात शिरली, दाढीवाल्याची ‘रेणू’ला अगदी लागून. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर कठड्याला टेकून रविवारची बघ्यांची गर्दी, मुलंबाळं, आइस्क्रीम, मोबाइल. काठावर पिवळं जॅकेट घातलेली एक विशीतली मुलगी सगळ्यांना हुकूम सोडत होती.

“स्टर्न लाइन फर्स्ट, सर! डोन्ट टाय इट ऑफ! जस्ट होल्ड अँड फीड इट आउट!”

“काय म्हणते?”

“मागची दोरी आधी द्या. बांधू नका. धरा आणि सोडत राहा,” वेदांत ओरडला. ही पाचवी वेळ.

“सर म्हणते आणि कालव्यावरच्या पाटकऱ्याला सांगावं तसं सांगते,” प्रल्हादराव पुटपुटले. पण दोरी त्यांनी पहिल्याच फेकीत अचूक वर टाकली. मुलीने ती झेलली, खुंटाला अडकवली आणि “परफेक्ट!” म्हणाली. प्रल्हादरावांनी वेदांतकडे पाहिलं. वेदांत मागे पाहत नव्हता.

आता इथे प्रल्हादरावांची बाजूही ऐकली पाहिजे. एक्क्याण्णव सालच्या पुरात खात्याची मोजमापाची होडी एका पाटकऱ्याने अशीच नुसती हातात धरली होती. त्याला तंबाखू मळायची तलफ आली. होडी शेजारच्या तालुक्यात सापडली, आणि मेमो मिळाला प्रल्हादरावांना. धरलेली दोरी म्हणजे सुटलेली दोरी, हे त्या दिवसापासून त्यांचं ठाम मत होतं. शिवाय ‘रेणू’ दुसऱ्याची, तिला ओरखडा आला तर जबाबदार कोण? तेव्हा कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी हातातली दोरी बोटीच्या कडेच्या लोखंडी खुंटीला गुंडाळली आणि बांधून टाकली. बांधली तीही साधी सुरगाठ नव्हे. सुरगाठ एका झटक्यात सुटते, तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी निरगाठ मारली, आणि खात्री म्हणून तिच्यावर आणखी एक.

मागचा दरवाजा लागला. पाणी उतरायला लागलं. पुढे शरयूताई स्वेटर विणताना लोकर सोडावी तशी दोरी सोडत होत्या. मागे प्रल्हादराव हात मागे बांधून, साहेब तपासणीला आल्यासारखे भिंतीकडे बघत होते. भिंत वर चालली होती. मग त्यांच्या लक्षात आलं की खुंटीवरची दोरी तारेसारखी ताणली गेली आहे.

पाणी उतरलं की होडी उतरणार, आणि होडी उतरली की दोरी लांब व्हायला पाहिजे. हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? सत्तर दरवाजांचा माणूस तो. पण माहीत असणं काठावर होतं आणि ते स्वतः पाण्यात होते. ते घाईघाईने खाली बसले आणि गाठ सोडवायला लागले. गाठीवर आता अख्ख्या बोटीचं वजन होतं. गाठ दगड झाली होती.

“बाबा, सोडताय ना?” वेदांतने विचारलं.

“सोडतोय!” प्रल्हादरावांनी दडपून सांगितलं, आणि गाठ दिसू नये म्हणून तिच्यासमोर पाठ करून बसले.

बोटीचा मागचा उजवा कोपरा पाण्याबरोबर खाली यायचा थांबला. बाकीची बोट खाली जात राहिली. केबिनमधला थालीपिठांचा डबा हळूच निघाला आणि घरंगळत डाव्या कोपऱ्यात गेला. त्याच्या मागोमाग लोणच्याची बरणी.

पुढून शरयूताईंना आपण वाकडे होत असल्याचं कळलं. “अहो!”

“अहॉय!” चार होड्या.

“अहो, दोरी सोडा!”

“अहॉय!” आठ होड्या आणि कुत्रा.

“अहो! अहो! अहो!”

“अहॉय! अहॉय! अहॉय!” आता बारा होड्या होत्या, आणि वर कठड्यावरची मुलंही सामील झाली होती. सगळ्यांना वाटत होतं, ही साडीवरून जॅकेट घातलेली बाई फार उत्साही आहे. एक माणूस मात्र ओ देत नव्हता. तो संतापाने लालबुंद होऊन, घामाघूम, नखांनी दोरी खरवडत होता आणि प्रत्येक ‘अहॉय’बरोबर आणखी चिडत होता.

“बाबा, काय करताय?” वेदांतला सुकाणू सोडता येत नव्हतं.

“सर! युवर लाइन!” वरून मुलगी ओरडली.

“आय नो माय लाइन, मॅडम!”

एवढ्यात कठड्यावरून स्वच्छ मराठीत आवाज आला, “काका, निरगाठ मारलीत का? ओढू नका, आणखी आवळेल!”

“तुम्ही कोण?” प्रल्हादराव गरजले.

“मी चिंचवडचा. पाहुण्यांना लॉक दाखवायला आणलंय.”

“मग दाखवा की लॉक! मला काय बघताय?”

बोट आणखी कलली. डाव्या कडेवरून पाणी आत डोकावलं. शरयूताईंनी आपली दोरी शेजारच्या दाढीवाल्याच्या हातात कोंबली, केबिनच्या टपाला धरून कडेने मागे आल्या, आणि त्यांना नवऱ्याची पाठ दिसली. त्या पाठीमागे काय आहे ते त्या पाठीवरूनच त्यांना कळलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती पाठ त्यांनी पुष्कळदा पाहिली होती. त्यांनी ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं. बारा होड्या ओ द्यायला तयार होत्या. शरयूताईंनी ते तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि सगळा जीव एकवटून त्या ओरडल्या,

“प्रल्हाद! हात काढ तिथून!”

हौद शांत झाला. या हाकेला उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. त्या सबंध लॉकमध्ये प्रल्हाद एकच होता, आणि तो ताडकन दोन्ही हात वर करून पोलिसांनी पकडल्यासारखा उभा राहिला.

गाठ उघडी पडली. पिवळ्या जॅकेटच्या मुलीने ती पाहिली, शिट्टी वाजवली आणि खांद्यावरच्या वॉकीटॉकीत काहीतरी बोलली. पाणी उतरायचं थांबलं. मग भोंग्यावरून एक पुरुषी आवाज आला, “फोक्स, स्मॉल डिले. वी हॅव अ नॉट.” कठड्यावर हशा पिकला. आणि वरच्या तळ्याचं पाणी पुन्हा हौदात शिरायला लागलं. त्या एका गाठीपायी बारा होड्या, बारा होड्यांतली माणसं, कुत्रा, सगळे पुन्हा वर चढू लागले.

प्रल्हादरावांनी हौदाची लांबी-रुंदी नजरेने मोजली. पाण्याची उंची धरली. सवयीने मनात गुणाकार झाला, आणि आलेला आकडा पाहून त्यांना फार वाईट वाटलं. एवढ्या पाण्यात त्यांच्या टेलच्या दोन गावांची पाळी निघाली असती. आयुष्यभर लोकांना थेंबाथेंबाचा हिशेब विचारलेल्या माणसाने एका दमात एवढं पाणी वाया घालवलं होतं, आणि तेही बघ्यांसमोर. चिंचवडचा माणूस मोबाइल धरून होता.

दोरी सैल पडली, पण गाठ सुटेना. मुलगी सुरा घेऊन वाकली. “मॅम, शाल आय कट इट?”

“नो कट!” शरयूताई म्हणाल्या. मिठाईच्या खोक्याचा दोराही न कापता सोडवून, गुंडाळून डब्यात ठेवणारी ती बाई. त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, खाली बसल्या, आणि गाठीच्या पोटात पिन घालून तिला इकडून तिकडून उचकटलं. एक मिनिटात पहिली सुटली, अर्ध्या मिनिटात दुसरी. बारा होड्यांनी टाळ्या वाजवल्या. शरयूताईंनी ती दोरी परत नवऱ्याकडे दिली नाही. स्वतःच धरली. पुढची दाढीवाल्याने सांभाळली. हौदातलं पाणी पुन्हा उतरलं, पुढचा दरवाजा उघडला आणि सगळे समुद्रात आले.

बाहेर पडताना मुलीने काठावरून सलाम ठोकला. “थँक यू, कॅप्टन!” प्रल्हादरावांनी सवयीने मान हलवली. सलाम शरयूताईंना होता.

वेदांतने लोणच्याची बरणी उचलून जागेवर ठेवली.

“तू मला अरे-तुरे केलंस,” प्रल्हादराव म्हणाले. “काढ म्हणालीस. ‘काढ’! मुलासमोर. आजवर नाव घेतलंस ते उखाण्यात, तेही ‘राव’ लावून. आज घ्यायचंच होतं तर निदान उखाण्यात घ्यायचंस!”

“बोट लटकली होती. यमक कुठून जुळवू?” शरयूताई म्हणाल्या. “आणि अहो म्हणायची सोय ठेवलीय का तुमच्या या लोकांनी?”

“माझे लोक?”

“मग काय माझे? तुम्ही ओ दिली असतीत तर मला गरज पडली असती?”

यावर प्रल्हादरावांनी आणखी संतापायचं ठरवलं. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच बाजूने ती शिडाची होडी आली. दाढीवाल्याने कॉफीचा कप उंचावला आणि समुद्र दणाणून सोडला, “प्रलाड!”

तिच्या मागून आजीबाई. “प्रलाड!” कुत्रा भुंकला. तिच्या मागून एक चार तरुणांची स्पीडबोट गेली. चौघांनी एका सुरात हात वर केले, “प्रलाऽड!” त्यांना वाटलं होतं, या लोकांत अहॉयनंतर म्हणायचा हा शब्द असावा.

प्रल्हादराव आधी गोंधळले. मग त्यांनी हळूच हात वर केला. तिसऱ्या होडीच्या वेळी तर “ओ!” म्हणाले. तीन महिन्यांत कुणी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. ते बाबा होते, काका होते, बँकेत सर होते. चौथ्या होडीकडे ते स्वतःहून वळून बघायला लागले.

आता शरयूताईंचा पारा चढला. “यांना काय झालं हो तुमचं नाव घ्यायला? काय ओळखपाळख? पंचेचाळीस वर्षं मी ते तोंडातून बाहेर काढलं नाही. आज एकदा काढलं, तर सगळ्या समुद्राने वाटून घेतलं! बस म्हणावं. ओ देऊ नका तुम्ही.”

“लोक अगत्याचे आहेत,” प्रल्हादराव म्हणाले.

“कसलं डोंबलाचं अगत्य!”

मरीना आला. वेदांतने बोट हळूहळू लाकडी धक्क्याला लावली. इथे पाणी उतरलं तरी धक्काही त्याच्याबरोबर उतरणार होता. धक्का पाण्यावरच तरंगत होता. इथे दोरी घट्ट बांधायची होती, क्रेनवाला उद्या सकाळी येईपर्यंत. प्रल्हादराव मागे दोरी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती उचलली होती खरी, पण पुढे हात करत नव्हते. त्यांचा चेहरा पाहून वेदांतला आपल्या वडिलांचं वय एकदम दिसलं. त्याने इंजिन बंद केलं, केबिनमधून बाहेर उडी मारली आणि अत्यंत प्रेमाने हात पुढे केला.

“बाबा, राहू द्या. मी बांधतो.”

“तू राहू दे,” शरयूताई म्हणाल्या.

वेदांत थांबला. शरयूताईंनी इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यावर लांब दोन माणसं होती, ती आपल्या कामात होती. तरीही त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“प्रल्हाद,” त्या म्हणाल्या, “बांध.”

प्रल्हादरावांनी लगेच दोरी पुढे केली, खुंटाला दोन वेढे दिले आणि मग, वेदांतकडे न बघता, चांगली करकचून निरगाठ मारली.